बॅटरीतला सेल किती उरलाय?

आज बोलायचंय ते बॅटरीतल्या सेलबद्दल.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गव्हाला रातपाळीचं पाणी होतं. मी आणि जाऊबाई दारं धरायला गेलो. फौजेतल्या दिरांनी दिलेली बॅटरी हातात होती. तिच्यात लिथियमचे सेल, चार्ज न होणारे. हे कडाक्याच्या थंडीतही चालतात, म्हणून तिकडे वापरतात. उजेड अगदी पहिल्या दिवसासारखा पांढराशुभ्र. बांधाच्या मधोमध पोचलो आणि दोन-चार मिनिटांत तो मंदावला नि गेलाच. मोबाईल घरी चार्जिंगला लावलेला. मण्यार फिरते ती रात्रीच, हे तुम्हाला सांगायला नको. एकमेकींचा हात धरून, पाय आपटत घर गाठलं.

आपल्याला सवय साध्या सेलची. त्याचा जोर हळूहळू उतरतो, उजेड पिवळा पडतो, मग आपण म्हणतो, आता बाजारातून सेल आणायला हवेत. लिथियमचा सेल तशी कल्पना देत नाही. बहुतेक वेळ तो सारखाच जोर देतो आणि शेवटी एकदम उतरतो. त्यामुळे उजेड बघून काही कळत नाही. जमिनीवर आपटून, हातात तोलूनही कळत नाही. वापरून वजन कमी होत नाही.

मग मी वायरमन भाऊंकडचा मीटर मागितला. काळी वायर 'कॉम'च्या भोकात, लाल वायर व्होल्टच्या भोकात, चकती डीसी 20 वर. लाल टोक सेलच्या टेकाडाकडे, काळं सपाट बाजूला. अँपिअरवर चुकूनही लावू नका, सेल तापतो आणि धोका होतो. पेन्सिल सेलच्या मापाचा नवा लिथियम सेल 1.7 ते 1.8 व्होल्ट दाखवतो. पण अर्धा वापरलेलाही साधारण तेवढ्याच्या जवळ दाखवतो! नुसतं मोजून फसगत होते ती इथेच.

म्हणून सेलवर ओझं टाकून मोजायचं. दोन सेलच्या जुन्या बॅटरीचा छोटा बल्ब घ्या, दोन तारांनी सेलला जोडा. बल्ब मिणमिणता लागेल, लागू द्या. दहा-पंधरा सेकंद तो लागलेला असतानाच मीटर बघा. आकडा 1.4 च्या वर टिकला तर काम चालेल. तो घसरत 1.2 च्या खाली गेला तर सेल रात्री सोबत नेऊ नका. हे आकडे पेन्सिल सेलच्या मापाचे. तीन व्होल्टच्या जाड, बुटक्या सेलला ते लागू नाहीत. नेमका किती टक्के उरला हे यानेही कळत नाही, पण संपत आलेला ओळखू येतो.

आणखी एक. एक नवा नि एक जुना सेल मिळून घालू नका. जुना आधी संपतो, नवा त्याच्यातून उलटा जोर लावतो. तो तापतो, फुगतो, फुटूही शकतो. आपल्याकडे सेल उन्हात ठेवून 'भरायची' सवय आहे, माझी सासूसुद्धा ठेवायची. हे सेल उन्हात ठेवू नका, चार्जरला लावू नका, चुलीत तर नाहीच नाही. संपलेल्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि पोरांच्या हाताला लागणार नाहीत असे वेगळे ठेवा.

आता मी सेल घालते तेव्हा त्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहिते आणि रातपाळीच्या प्रत्येक फेरीला पेनाने एक रेघ ओढते. पहिला जोड किती रेघांवर संपला ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. पुढचा त्याच्या बराच आधी बदलते. दोन नवे सेल छोट्या प्लास्टिकच्या डबीत सोबत असतात. कमरेच्या पिशवीत नाणी-किल्ल्यांबरोबर ठेवत नाही, दोन्ही टोकं जोडली गेली तर तापतात.

जाऊबाई मात्र अजूनही कंदील सोबत घेतात. मी काही म्हणत नाही.