आधार तपासावा, आधार सांगावा



विद्यार्थ्याने निबंधात एखादे विधान केले, की ‘हे कोठे वाचलेस?’ असे आपण त्यास विचारतो. आज बहुधा ‘इंटरनेटवर’ असे उत्तर मिळते. हे उत्तर ‘ग्रंथालयात वाचले’ असे सांगण्यासारखेच आहे. ग्रंथालय हा आधार नव्हे; कोणा एकाने, केव्हातरी, काही पुराव्यानिशी लिहिलेला मजकूर हा आधार होय. हा भेद विद्यार्थ्याच्या मनात कसा रुजवावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

आरंभी एक घडलेली हकीकत सांगतो. मध्य व दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांत कोआटी नावाचा लांब नाकाचा एक प्राणी आढळतो. २००८ साली एका अमेरिकन विद्यार्थ्याने निव्वळ गंमत म्हणून विकिपीडियावरील लेखात त्या प्राण्याला ‘ब्राझिली आर्डवार्क’ असे दुसरे नाव देऊन टाकले. वास्तविक आर्डवार्क हा आफ्रिकेतील प्राणी. कोआटीशी त्याचे जवळचे नाते नाही. तरीही ते नाव पुढे ब्रिटिश वृत्तपत्रांत आणि शिकागो विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या एका पुस्तकातही शिरले. इतकेच नव्हे, तर मूळ लेखातील त्या नावाला एका वृत्तपत्राचाच आधार जोडण्यात आला. २०१४ साली ‘न्यूयॉर्कर’ नियतकालिकाने हा प्रकार उजेडात आणला. दहा ठिकाणी छापलेल्या मजकुराचा उगम एकच असेल, तर साक्षीदारही एकच असतो, हा यातील धडा आहे.

मग पारख करावी तरी कशी? सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅकग्रू या स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १० इतिहासतज्ज्ञ, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थी यांच्यापुढे काही संकेतस्थळे ठेवली होती. त्यांत बालरोगतज्ज्ञांच्या, जवळजवळ सारखीच नावे धारण करणाऱ्या दोन अमेरिकन संस्था होत्या. एक १९३० साली स्थापन झालेली, हजारो सदस्यांची संघटना. दुसरी मतभेदांमुळे २००२ साली निघालेली लहानशी संघटना. संकेतस्थळाची मांडणी, बोधचिन्ह व भारदस्त भाषा पाहून विद्यार्थीच काय, विद्वान इतिहासतज्ज्ञही अनेकदा फसले. तपासनीस मात्र त्या पानावर रेंगाळले नाहीत. ते लगेच बाहेर पडले आणि या संस्थेविषयी इतर काय म्हणतात, हे त्यांनी प्रथम पाहिले. संस्थेने स्वतःविषयी लिहिलेले प्रशस्तिपत्र वाचून तिची योग्यता ठरत नाही, हे त्यांस ठाऊक होते.

म्हणून विद्यार्थ्याला तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी: हे कोण सांगत आहे? त्यास पुरावा काय? इतर जाणकारांचे म्हणणे काय? आठवड्यातील एक तास घ्यावा, एकच विधान निवडावे आणि ते मागे मागे शोधीत त्याच्या उगमापर्यंत वर्गाला न्यावे. प्रश्न विचारताच उत्तर रचून देणारी यंत्रे आज हाताशी आली आहेत आणि ती कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांचे हवाले देतात. तेव्हा हवाला दिसला, की तो उघडून पाहणे हेही याच अभ्यासाचे अंग मानावे.

आता ऋणनिर्देशाविषयी. लेखकाचे नाव, मजकुराचे शीर्षक, प्रसिद्धीची तारीख, संकेतस्थळाचा पत्ता आणि आपण तो मजकूर पाहिला तो दिवस, एवढ्या गोष्टी विद्यार्थ्याने नोंदवाव्यात. छापील पुस्तकाचे पान बदलत नाही; संकेतस्थळावरील पान उद्या बदलू शकते, म्हणून पाहिल्याचा दिवस महत्त्वाचा. मूळ ग्रंथ न पाहता दुसऱ्याच्या लेखातून अवतरण घेतले असेल, तर तसे स्पष्ट लिहावे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्यासंबंधी नियम केले. त्यांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. परंतु टक्केवारी यंत्र मोजते आणि शब्द फिरवून यंत्राला चकविता येते. दंडाच्या भयाने शिकलेला प्रामाणिकपणा भय सरताच सरतो. आधार सांगण्याचे खरे कारण निराळे आहे. आपण ज्या वाटेने आलो, ती वाट वाचकासाठी मोकळी ठेवणे, म्हणजे त्यास आपली चूकही शोधता येईल, हे ते कारण होय. कोआटीच्या बाबतीत प्रत्येकाने ही वाट दाखविली असती, तर ती थट्टा पहिल्याच पावली उघडी पडली असती.

आपली चूक पकडण्याचे साधन विद्यार्थी स्वतःहून दुसऱ्याच्या हाती देईल, तेव्हाच त्याचे शिक्षण सार्थकी लागले असे मी म्हणेन.