शिबिरानंतरचे गाव



राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, देशातील ३७ विद्यापीठांत झाला. त्यामागचा विचार मात्र दहा वर्षांनी जुना होता. १९५९ साली चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने विद्यार्थ्यांसाठी सक्तीच्या राष्ट्रसेवेची शिफारस केली होती. सक्ती मान्य झाली नाही, सेवा तेवढी राहिली. हे एका परीने बरेच झाले. आजाऱ्याच्या दारी सक्तीने आलेला माणूस फारसा उपयोगी पडत नाही.

मुंबईच्या उपनगरांतील महाविद्यालयांना या सेवेसाठी फार दूर जावे लागत नाही. अंधेरी-बोरिवलीहून पश्चिम रेल्वेने पालघर-डहाणू गाठता येते, घाटकोपर-मुलुंडहून मध्य रेल्वेने आसनगाव-कसारा. २०१३ पासून तर उपनगरी गाडी थेट डहाणू रोडपर्यंत जाऊ लागली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील आणि आरे वसाहतीतील आदिवासी पाडे उपनगरांच्या कुशीतच वसलेले आहेत. योजनेच्या नियमानुसार स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवाकार्य करावयाचे असते आणि दत्तक घेतलेल्या गावात किंवा वस्तीत सात दिवसांचे विशेष शिबिर करावयाचे असते. या सात दिवसांत श्रमदान होते, शोषखड्डे खणले जातात, आरोग्य तपासणी होते, प्रभातफेरी निघते. झाडू हाती घेतलेल्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे मासिकांच्या कचेऱ्यांतही भरपूर येतात. प्रश्न आठव्या दिवसाचा आहे.

बहुतेक शिबिरे दिवाळीनंतर किंवा नाताळच्या सुटीत भरतात. विद्यार्थ्यांच्या सोयीचा तो काळ खरा. पण जव्हार, मोखाडा, विक्रमगड, शहापूर या भागांतील पाड्यांच्या दृष्टीने तो सर्वांत गैरसोयीचा होय. भातकापणी आटोपली की तेथील पुष्कळ कुटुंबे लेकराबाळांसह वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर जातात. ज्यांना आरोग्याच्या मदतीची सर्वाधिक गरज, नेमकी तीच घरे शिबिराच्या वेळी कुलूपबंद असतात. ही माणसे पावसाच्या तोंडाशी परततात. घरातील धान्य संपत आलेले असते, पहिल्या सरींबरोबर साऱ्या उतारावरची घाण विहिरीत उतरते आणि अतिसार सुरू होतो. १९९२ साली वावर-वांगणी परिसरात बालके दगावली व कुपोषणाचा प्रश्न साऱ्या महाराष्ट्रापुढे आला, त्याचे स्मरण आजही तेथे आहे. थंडीतले शिबिर आणि पावसातला रोग यांची गाठ पडत नाही, हा या कार्यातील मोठा दोष आहे.

विहिरीचेच उदाहरण घेतले म्हणजे तो स्पष्ट दिसतो. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असल्यास ते सुमारे ३७,७०० लिटर भरते. चांगल्या प्रतीची टी.सी.एल. पावडर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते; म्हणजे त्या विहिरीला सुमारे ९४ ग्रॅम. पावडर कोरडी फेकावयाची नसते. बादलीत थोड्या पाण्यात तिची चटणीसारखी पेस्ट करावी, पाणी वाढवून ढवळावे, चुना तळाशी बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडून खालीवर हलवावी. निदान एक तास पाणी उपसू नये, त्यानंतर ओ.टी. चाचणीत पिवळा रंग यावा. हे सारे विज्ञान शाखेचा कोणताही विद्यार्थी एका सकाळी शिकवू शकतो. परंतु आषाढात त्याच विहिरीत पाणी सहा मीटर चढले की ९४ ग्रॅमचे माप निम्मे पडते. शिवाय गढूळ पाणी क्लोरीन अधिक खाते. केवळ माप सांगून परतलेला विद्यार्थी म्हणूनच अपुरा. पाणी मोजण्याची रीत गावातील जलसुरक्षकाच्या हाताला बसली पाहिजे, आणि ती बसली की नाही हे पावसात जाऊनच पाहावे लागते.

अतिसारावरील उपायाची कथाही अशीच आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोज यांचे द्रावण तयार करवून रुग्णांच्या आप्तांकडूनच पाजले. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले. आज एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हे प्रमाण भिंतीभिंतीवर लिहिलेले आढळते. तथापि पाड्यावरील घरात लिटरचे माप नसते. तांब्या असतो, आणि प्रत्येक घरचा तांब्या निराळा. त्या घरच्या तांब्यात किती पाणी मावते हे त्या माउलीसमोर एकदा मोजून, चहाच्या चमच्याने साखर-मीठ तिच्याच हातून घालविणे, याला दहा मिनिटे लागतात. दहा भाषणांपेक्षा ती अधिक मोलाची.

योजना सुरू झाली त्याच १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय स्थापन केले. तेथील प्रत्येक नव्या तुकडीला एक गाव दिले जाते. विद्यार्थी प्रथम पंधरवडाभर त्या गावात मुक्काम करतात, प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपविली जातात आणि पुढे नेमाने ते त्याच कुटुंबांकडे परत जातात. मूल किती वाढले, सुनेचे दिवस किती भरले, म्हाताऱ्याचे औषध चालू आहे काय, हे विचारणारा तोच ओळखीचा चेहरा असतो. उपनगरांतील कला-वाणिज्य शाखेचा विद्यार्थी नाडी पाहू शकणार नाही हे खरे. परंतु परत जाणे त्यालाही अशक्य नाही. १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून उभे केले, तेव्हा पदवीचा अडसर त्यांना जाणवला नाही.

योजनेच्या रचनेतच याची सोय आहे. स्वयंसेवकाची नोंदणी दोन वर्षांची असल्यामुळे पहिल्या वर्षी शिबिराला गेलेले विद्यार्थी पुढील जूनमध्ये महाविद्यालयातच असतात. शिबिरात विहिरींचा व्यास, घरोघरची पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि भट्टीवर गेलेली कुटुंबे यांची वही तयार करावी. तिची एक प्रत गावच्या आशा कार्यकर्तीकडे, एक महाविद्यालयात ठेवावी. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आगाऊ कळवून पावसाच्या आरंभी आणि पुन्हा श्रावणात चार-सहा विद्यार्थ्यांनी ती वही घेऊन जावे, कुलूपबंद होती ती घरे आधी पाहावीत. पहाटेच्या गाडीने गेलेली तुकडी बहुधा रात्री घरी परतते. दुसऱ्या वर्षाअखेरीस ही वही पुढल्या तुकडीच्या हाती द्यावयाची, आणि तीही महाविद्यालयात नव्हे, गावात, त्या आशा कार्यकर्तीच्या समक्ष.