दरीला इंग्रजीत काय म्हणतात?

'कॅन्यन'ला मराठीत काय म्हणायचे, असे भाषांतर करणारी मंडळी मला पुष्कळदा विचारतात. मी त्यांना उलट विचारतो, की आधी इंग्रजीत त्याला काय म्हणतात ते सांगा! श्रोतेहो, ही नुसती थट्टा नाही. 'कॅन्यन' हा शब्द मुळात इंग्रजी नाहीच. तो स्पॅनिश आहे आणि त्याच्या मुळाशी नळी आहे. खडकात खोल कापल्या गेलेल्या दऱ्यांना स्पॅनिश बोलणाऱ्यांनी हे नाव दिले. पुढे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेल्या इंग्रजी भाषकांनी ते जसेच्या तसे उचलले.

त्यांच्यापाशी स्वतःचा शब्द का नव्हता? कारण तसली जमीन त्यांच्या मायदेशात नव्हती. इंग्रजीचा जुना, घरचा शब्द म्हणजे 'डेल'. यॉर्कशायरमधले डेल हे गवताळ, मेंढ्या चरणारे. रोजच्या बोलण्यातला 'व्हॅली' फ्रेंचमधून आला. सॉमरसेट परगण्यात चेडर गावाजवळ चुनखडीच्या उभ्या कड्यांची घळ आहे, तिला 'गॉर्ज' म्हणतात. तोही फ्रेंचच, अर्थ घसा. 'रॅव्हीन' हाही फ्रेंच, आणि त्याच्या मुळाशी आहे पाण्याचा लोंढा. स्कॉटलंडमधला 'ग्लेन' गेलिक, तर वेल्समधला 'कूम' वेल्श. हा 'कूम' तर थेट एव्हरेस्टवर जाऊन बसला आहे. १९२१ साली जॉर्ज मॅलरी यांनी तिथल्या हिमनदीच्या दरीला 'वेस्टर्न कूम' हे नाव दिले. आणि हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी आपल्याकडचा 'नाला'ही सोडला नाही. तोही इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसला.

मग सामान्य इंग्रजी माणूस यातला कोणता शब्द कुठे वापरतो? त्याला काटेकोर माप नाही. ढोबळमानाने 'गली' लहान, 'रॅव्हीन' तिच्याहून मोठी, 'गॉर्ज' अरुंद आणि उभ्या कड्यांची, 'कॅन्यन' सर्वांत भव्य. पण माझ्या मते नाव आकारावरून जेवढे ठरते, त्याहून जास्त त्या मुलखात आधी कोणती भाषा पोहोचली यावरून ठरते. कोलोरॅडो नदीचे ग्रँड कॅन्यन सुमारे ४४६ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद आहे. एवढ्या रुंद दरीला नळी कोण म्हणेल? पण त्या मुलखातला शब्द तोच होता, तोच चिकटला. याच नदीतून १८६९ साली जॉन वेस्ली पॉवेल होड्या घेऊन गेले. वाटेतल्या एका सुंदर भागाला पुढे 'ग्लेन कॅन्यन' हे नाव पडले. त्यातला एक शब्द गेलिक आणि एक स्पॅनिश! १९६३ साली तिथे धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली आणि तो भाग हळूहळू बुडाला. त्या जलाशयाला नाव मिळाले पॉवेल यांचेच.

हा सगळा शब्दांचा खेळ वाटेल. पण घसा, नळी, लोंढा या अर्थांकडे जरा लक्ष द्या. जागा कशी दिसते एवढेच ते सांगत नाहीत, तिथे पाणी काय करते हेही सांगतात. त्याच पॉवेल जलाशयाजवळ, ॲरिझोनात, नवाहो लोकांच्या भूमीवर अँटेलोप कॅन्यन आहे. इतके अरुंद, की काही ठिकाणी दोन्ही भिंतींना एकाच वेळी हात लागतात. त्याच्या वरच्या भागाचे नवाहो भाषेतले नाव आहे 'खडकांतून पाणी वाहते ती जागा'. १२ ऑगस्ट १९९७ रोजी त्याच्या खालच्या भागात पर्यटक उतरले होते. तिथे पाऊस जवळजवळ नव्हताच. पण काही मैल दूर वळीव कोसळला, सारे पाणी त्या नळीत शिरले आणि अकरा जण मृत्युमुखी पडले. 'अँटेलोप' म्हणजे हरणासारखा प्राणी. हे नाव ऐकून पाण्याची आठवण कोणाला व्हावी?

आपल्याकडेही शब्दांची वाण नाही. ओघळ, घळ, नाळ, दरी, खोरे. हरिश्चंद्रगडावर चढणारी 'नळीची वाट' आहेच. तीही नळीच, फक्त सह्याद्रीतली! अकोले तालुक्यात साम्रद गावाजवळ दोन कातळभिंतींमधली चिंचोळी फट आहे. गावकरी तिला सांदण म्हणतात. या नावात मला आपली 'सांद' ऐकू येते. शहरातून येणारी मंडळी मात्र तिला सर्रास 'सांदण व्हॅली' म्हणतात. व्हॅली म्हटले की डोळ्यांपुढे ऐसपैस हिरवळ येते. सांद म्हटले की अंग चोरून जावे लागेल हे कळते, आणि पावसाळ्यात पाण्यालाही दुसरी वाट नसेल हेही लक्षात येते.

तेव्हा 'कॅन्यन'साठी एकच मराठी प्रतिशब्द घडवायची घाई मी करणार नाही. त्या जागेचा आकार पाहून घळ, नाळ, सांद यांपैकी जो बसेल तो घ्यावा. आणि कुठल्याही दरीत उतरण्याआधी तिथल्या माणसाला तिचे नाव विचारावे, त्या नावाचा अर्थही विचारावा.