पडद्यावरची मुलाखत



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून अशा व्यासपीठांवर विद्वान माणसे बोलत आली आहेत. आमचे शिक्षण गिरणीच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा वेदान्ताच्या वाटेस आम्ही जाणार नाही. व्हिडिओ कॉलवरून नोकरीची मुलाखत घेतात, तिची तयारी कशी करावी, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे कोणी म्हणेल. ज्यांच्या घरी विशीतला मुलगा किंवा मुलगी बेकार बसली आहे, ते तसे म्हणणार नाहीत.

एके काळी गिरणीत माणूस कसा लागे? पहाटे फाटकावर गर्दी होई, जॉबर बोट दाखवी, तो आत जाई. जॉबराची दस्तुरी ठरलेली असे. १९३१ सालच्या रॉयल कमिशनने आपल्या अहवालात या लाचखोरीवर बोट ठेवले आणि भरती जॉबराच्या हातून काढावी असे सुचविले. पद्धत वाईटच होती. परंतु तिच्यात एक गोष्ट होती : शेजारी दुसरा उभा असे. कोणाला घेतले, कोणाला हाकलले, हे दहा जण पाहत, आणि पाहिलेले दहा जण संध्याकाळी एकत्र बसून बोलत. आमच्या संघटना तशा बोलण्यातूनच उभ्या राहिल्या. आजची मुलाखत उमेदवाराच्या खोलीत होते. तिथे तो एकटा, आणि समोर काच.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मुलाखती पडद्यावर आल्या. पुढे टाळेबंदी उठली, तरी अनेक कंपन्यांनी ही रीत सोडली नाही. त्यांची सोय होते. आमचीही होते, हे कबूल केले पाहिजे. दहा मिनिटांच्या मुलाखतीसाठी अकोल्याहून किंवा बडनेऱ्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने रात्रभर पुण्याला जायचे, तिथे कोणा नातलगाकडे अंघोळ उरकायची, दोन दिवसांची मजुरी बुडवायची, हे वाचले. पण पूर्वी मुलाखतीची खोली, खुर्ची, दिवा आणि शांतता मालकाची असे. आता ती उमेदवाराने आणायची! कचेरीचा खर्च गुपचूप दोन खोल्यांच्या घरावर येऊन पडला, आणि कोणी त्याचा हिशेब मागितला नाही.

एका जुन्या गिरणी कामगाराची नात आमच्याकडे आली होती. डिप्लोमा उत्तम गुणांनी झालेली. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "काका, सायबानं विचारलं, मांगं कोन बोलून राह्यलं? आता माय सैपाक करून राह्यली, थे त्याइले कसं सांगू?" पुढच्या प्रश्नांना तिची उत्तरे येत होती, पण तोंड उघडले नाही. त्या साहेबास तिचे यंत्रशास्त्र पाहावयाचे होते. त्याने पाहिली तिची भिंत.

म्हणून आम्ही आमच्या कार्यालयाची मागची खोली रिकामी केली. संध्याकाळी तिथे मुले जमतात. एक जण साहेब होतो, एक उमेदवार, बाकीचे दुसऱ्या खोलीतून फोनवर पाहतात आणि मग काय दिसले ते सांगतात. हे फार उपयोगी पडते, कारण आपण कसे दिसतो हे स्वतःला कळत नाही. खिडकी पाठीशी असली की चेहरा काळा पडतो; ती तोंडासमोर हवी. फोन हातात धरला की चित्र हलते. चार पुस्तकांची चळत करून तो डोळ्यांच्या उंचीवर टेकवावा. समोरच्याच्या चित्राकडे पाहिले तर त्याला आपली नजर खाली दिसते, म्हणून बोलताना कॅमेऱ्याच्या ठिपक्याकडे पाहावे. आवाज क्षणभर उशिरा पोचतो. प्रश्न संपल्यावर एक श्वास थांबून बोलावे, नाहीतर दोघेही एकदम बोलतात आणि उमेदवार उद्धट ठरतो.

आता आपल्या वऱ्हाडचे खास संकट म्हणजे कूलर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे, आणि कूलर चालू ठेवला तर साहेबाला नुसती घरघर ऐकू येते. शक्य तर सकाळची वेळ मागून घ्यावी; तेवढे मागण्यात कमीपणा नाही. तासाभराच्या व्हिडिओ कॉलला साधारण अर्धा ते दीड जीबी डेटा लागतो. चित्र अडखळू लागले तर, "साहेब, कॅमेरा बंद करून बोलू का?" असे सरळ विचारावे, नुसत्या आवाजाला फारच थोडा डेटा लागतो. वीज जाणार हे गृहीत धरून फोन भरून ठेवावा, आणि मुलाखत घेणाऱ्या कचेरीचा नंबर कागदावर लिहिलेला असावा.

बोलीचीही लाज नको. लीळाचरित्र ज्या रिद्धपुरात सिद्ध झाले ते अमरावती जिल्ह्यातले, आणि आमची पोरे मात्र पुणेरी साहेबापुढे "मले"चे "मला" करण्याच्या धडपडीत मुद्दाच विसरतात. आपण केलेले काम सांगावे : कोणती मोटर उघडली, काय बिघडले होते, कसे दुरुस्त केले. ते नीट सांगणाऱ्याचे व्याकरण कोणी तपासत बसत नाही. बसलाच, तर त्या माणसाच्या हाताखाली काम करावे की नाही, याचाही विचार करावा.

कारण मुलाखत ही नोकरीतली पहिली वाटाघाट आहे. पगार हातात किती, पाळी किती तासांची, नोकरी कंपनीची की ठेकेदाराची, हे विचारलेच पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांशी आमचे भांडण मोठे आहे, तो विषय निराळा. परंतु नियुक्तिपत्र देण्याचे बंधन त्यांत आहे, तेवढे पदरात पाडून घ्यावे. आणि पडद्यावर गोड बोलून, "निवड झाली, आता लॅपटॉपची अनामत भरा," असे जो म्हणेल तो जुना जॉबरच समजावा. त्याला दमडी देऊ नये. दिली गेली असेल तर लाजून घरी न बसता लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी; जितका उशीर, तितका पैसा लांब जातो.

आमच्या मागच्या खोलीत एका वेळी एकच मुलगा बसू शकतो, आणि पावसाळ्यात पत्र्याच्या आवाजाने तोही बसू शकत नाही. अमरावती आणि अकोला, दोन्ही शहरांत वाचनालये आहेत, अभ्यासिका आहेत. त्यांचे चालक आज या मंडपात आहेत. त्यांच्याकडे आमचे मागणे एवढेच की, एक लहान खोली द्यावी. दाराला आतून कडी, एक टेबल, समोरून उजेड, इन्व्हर्टरवर चालणारा वायफाय, आणि दारावर नावे लिहिण्यास एक वही. टेबल आम्ही आणून देऊ.