निरवानिरव



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाकडून आपणांस साहित्यविषयक व्याख्यानाची अपेक्षा असणार. परंतु समोर बसलेल्यांपैकी पुष्कळांनी साठी ओलांडली आहे आणि मी सत्तरी. तेव्हा वार्धक्यातील सांभाळ आणि निर्णय यांच्या पूर्वतयारीविषयी बोलावे, असे मी ठरविले. त्यासाठी आपल्याच भाषेतील एक जुना शब्द हाताशी आहे : निरवानिरव.

निरवणे म्हणजे दुसऱ्याच्या हवाली करणे, सोपविणे. पूर्वी दूरच्या यात्रेस निघणारा मनुष्य घरदार, गुरेढोरे भावाबंदांकडे निरवून मगच उंबरठा ओलांडीत असे. या क्रियेस दोन माणसे लागतात : एक सोपविणारा आणि दुसरा ती जबाबदारी समजून-उमजून पत्करणारा. नुसता कागद करून कपाटात ठेवला म्हणजे निरवानिरव होत नाही. आपल्यापैकी अनेकांनी मृत्युपत्रे केली, म्हणजे मरणोत्तर मालमत्तेची सोय लावली. मरणापूर्वीच्या दिवसांत आपल्या देहाविषयी निर्णय कोणी घ्यावयाचा, हे मात्र कोणाकडेही निरवले नाही. आजच्या व्याख्यानाचा गाभा एवढाच आहे.

प्रथम मालमत्तेचेच पाहू. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले. अप्पासाहेब बेलवलकर सर्वस्व मुलांना वाटून देतात आणि पुढे स्वतः बेघर होतात. हे नाटक आपण कृतघ्नतेची शोकांतिका म्हणून पाहतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. अप्पासाहेबांनी दिले, पण निरवले नाही. कोणत्या बोलीवर दिले, हे बोललेच गेले नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाविषयीच्या २००७ च्या अधिनियमातील कलम २३ नेमके येथेच उपयोगी पडते. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट मोडली, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. म्हणून बक्षीसपत्रात ती अट स्पष्ट शब्दांत लिहावी. तसे लिहिण्यात मुलांचा अपमान नाही.

देहाविषयीचे निर्णय याहून कठीण. आचार्य विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार येथे आजारपणात अन्न आणि औषध वर्ज्य केले व १५ तारखेस देह ठेवला. आपली इच्छा ते स्वतः प्रकट करू शकले. याच्या उलट अरुणा शानभाग यांचे झाले. त्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरच्या आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी झालेल्या हल्ल्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्यांना आपले मन सांगता आले नाही. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न २०११ साली सर्वोच्च न्यायालयास सोडवावा लागला. न्यायालयाने तो मान त्यांची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयातील मंडळींना दिला. हाच प्रश्न आज अतिदक्षता विभागाच्या दाराशी सामान्य घरांपुढे उभा राहतो. तेथे एक भाऊ म्हणतो, यंत्रे चालू ठेवा. दुसरा म्हणतो, आता हाल पुरेत. दोघेही प्रेमानेच बोलतात, आणि पुढे दोघांचे बोलणे बंद होते.

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली. मूळ अटी जाचक होत्या. २४ जानेवारी २०२३ रोजी त्या सुलभ करण्यात आल्या. आता शुद्धीत असलेल्या प्रौढ व्यक्तीने दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यावयाचे असते. आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावे त्यात घालावयाची असतात. बरे होण्याची आशा उरली नसेल तरच ते लागू होते, आणि डॉक्टरांच्या दोन मंडळांनी खात्री केल्यावरच उपचार थांबविता येतात. इंजेक्शन देऊन मरण आणण्याची मुभा यात मुळीच नाही. मन बदलले तर हे पत्र केव्हाही लेखी रद्द करता येते. मे २०२४ मध्ये न्यायमूर्ती महेश सोनक यांनी गोव्यातील असे पहिले इच्छापत्र नोंदविले. आपल्या कर्नाटक शासनाने जानेवारी २०२५ मध्ये अंमलबजावणीचे परिपत्रक काढले.

येथे एक सावधगिरीची सूचना. मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र केले, म्हणजे सारे झाले, असा समज आढळतो. परंतु १८७२ च्या करार अधिनियमानुसार, देणाऱ्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी तो कागद केला, त्याच दिवशी तो निरुपयोगी ठरतो. म्हणून बँकेची खाती वेळीच संयुक्त करावी आणि पैशाचे व्यवहार डोके शाबूत असतानाच मार्गी लावावे.

आता भाषेच्या शिक्षकाचे एक मागणे. आपण बेळगावकर घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि दवाखान्यात इंग्रजी बोलत आयुष्य काढतो. स्मृतिभ्रंशात मात्र मागाहून शिकलेल्या भाषा पुष्कळदा आधी विरतात आणि आईची भाषा मागे उरते. आपली मुले आज पुण्यात, बंगळूरात, परदेशात आहेत. उशाशी बसणारी व्यक्ती परकी असू शकेल. तेव्हा 'माझ्याशी मराठीत बोलणारे कोणी जवळ असावे' हेही लिहून ठेवा. डॉक्टरांसाठी इंग्रजी प्रत करा, पण मूळ मसुदा मराठीत लिहा. आपल्याला काय असह्य वाटेल आणि काय चालेल, हे माणूस आपल्याच भाषेत खरेपणाने सांगू शकतो.

आणि लिहिल्यावर ते मुलांना वाचून दाखवा. 'असले अभद्र बोलू नका' असे ती म्हणतील; तरीही दाखवा. सुनेला, जावयालाही बसवा, कारण प्रत्यक्ष शुश्रूषा पुष्कळदा त्यांच्याच वाट्यास येते. त्यांचे प्रश्न ऐका आणि त्यांना न झेपणारे काही असेल तर ते मसुद्यातून काढून टाका. आपण जे निरवतो, ते त्यांना पेलले पाहिजे. उद्या दवाखान्याच्या वऱ्हांड्यात आपल्या मुलाला 'बाबांना काय हवे असेल?' असे स्वतःशी झुरत बसावे लागू नये. 'बाबांनी सांगितले आहे' असे त्याला डॉक्टरांना म्हणता यावे. मालमत्तेहून हा वारसा लहान नाही.