शेवंता खोटं बोलत नाही



आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या गल्ल्या नावानं नाही, नंबरानं ओळखल्या जातात. 2019 साली रात्री साडेदहाच्या पुढं यातल्या कुठल्याही गल्लीत शिरलं, तरी खिडक्यांतून एकाच मालिकेचा आवाज यायचा: ‘रात्रीस खेळ चाले’. दुसऱ्या दिवशी भाजी घेता घेता त्यावर चर्चा ठरलेली. एकदा मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, “अण्णा मुलखाचा खोटारडा. पर शेवंतेचं काय बी म्हणा, ती खोटं बोलत न्हाई.”

आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते या वाक्यावर. भुताखेतांची, खून-तपासाची मालिका बघायची कशी, तिच्यातली कला ओळखायची कशी, याचं मर्म मावशींनी जाता जाता सांगून टाकलं होतं.

थोडी उजळणी करू. मालिका झी मराठीवर 22 फेब्रुवारी 2016 ला सुरू झाली. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला तो वाडा, नाईकांचं कुटुंब, आणि सुरुवातच अण्णा नाईकांच्या मरणानं. पुढं एकेक आक्रीत घडत जातं, पोलीस घरात येतात, घरातला प्रत्येक जण काहीतरी लपवतोय असं वाटत राहतं. मग जानेवारी 2019 मध्ये दुसरं पर्व आलं, आणि त्यात मागची गोष्ट सांगायला घेतली. अण्णा जिवंत, त्यांची बायको माई तरुण, आणि गावात आलेली शेवंता. या भूमिकांत अनुक्रमे माधव अभ्यंकर, शकुंतला नरे आणि अपूर्वा नेमळेकर.

आता गंमत बघा. शेवट आधीच ठाऊक असलेली ही रहस्यकथा. अण्णा मरणार हे माहीत, शेवंतेचं भलं होणार नाही हेही माहीत. तरी लोक रोज रात्री का बसले? कारण प्रश्न बदलला होता. ‘पुढं काय होणार’ हा प्रश्न संपला आणि ‘कोण कुणाशी खोटं बोलतंय’ हा सुरू झाला. अण्णा घरात एक बोलतो, बाहेर एक, शेवंतेपाशी तिसरंच. प्रेक्षक तिन्ही ठिकाणी हजर. घरच्यांना जे कळत नाही ते आपल्याला कळतं, आणि त्या कळण्याचं ओझं आपल्यावर येतं. कित्येक घरांत लोक टीव्हीकडं बघून मोठ्यानं सांगायचे, “अगं, नको विश्वास ठेवूस!” हसू नका. एवढं कानावर आलं की लेखकाचं काम फत्ते झालं म्हणायचं.

शेवंता दुसऱ्याचा संसार मोडणारी. आपल्याकडं असल्या बाईला प्रेक्षक सहसा शिव्याशापच देतात. हिला दिले, पण जीवही लावला. मला वाटतं, याचं कारण तिच्या रूपात शोधू नये, मावशींच्या वाक्यात शोधावं. तिला काय हवंय हे ती जगापासून लपवेल, स्वतःपासून लपवत नाही. अण्णाचं उलटं आहे. तो स्वतःलाही फसवतो; आपण गावाचे मालक, आपल्याला सगळं माफ, हे त्याला मनापासून खरं वाटतं. एकानं खरं बोलायचं आणि दुसऱ्यानं फसवायचं, असं प्रेम बघताना गोडी आणि भीती एकत्र येतात. ती भीती भुताच्या भीतीहून मोठी आहे. पांढऱ्या साडीला माणूस दोन भागांत सरावतो.

इथं आपल्या राजारामपुरीतच राहून गेलेल्या एका लेखकाची आठवण निघणारच. वि. स. खांडेकर शिरोड्याहून, म्हणजे त्याच सिंधुदुर्गाच्या मातीतून, कोल्हापूरला आले. त्यांच्या ‘ययाति’त राजा स्वतःच आपली वासना सांगतो, देवयानी आपली बाजू सांगते, शर्मिष्ठा आपली. तिघांचं ऐकून कुणावर किती विश्वास ठेवायचा ते वाचकानं ठरवायचं. मालिकेत असा कुणी निवेदक नसतो. तिथं हे काम नटाचा चेहरा करतो. म्हणून अण्णाचं वाक्य ऐकून थांबू नका. वाक्य संपल्यावर कॅमेरा अजून त्याच्यावर असतो, तेव्हा अभ्यंकरांची नजर कुठं जाते ते बघा.

अंधश्रद्धेचा आक्षेप या मालिकेवर पहिल्याच पर्वात आला, कोकणाची बदनामी होते असंही म्हटलं गेलं. आक्षेप घेणाऱ्यांना मी उडवून लावणार नाही. रात्री एकटं झोपायला घाबरणारी पोरं घरोघरी होती. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. गोपाळ गणेश आगरकर! कोल्हापूर प्रकरणाच्या बदनामी खटल्यात 1882 साली टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढलेले, आणि बुद्धिवादात कुणाला हार न जाणारे. त्यांनी शेक्सपिअरचं ‘हॅम्लेट’ मराठीत आणलं, ‘विकारविलसित’ या नावानं. त्या नाटकात बापाचं भूत येऊन आपला खून कुणी केला ते सांगतं. आगरकरांना त्याची अडचण झाली नाही. जिवंत माणसं जे दडपतात ते बोलायला कुणीतरी लागतं, आणि रंगभूमीवर ते काम भूत फार चोख करतं. नाईकांच्या वाड्यातली भुतं त्याच जातीची.

अण्णा-शेवंतेच्या प्रेमाच्या नेमकं उलटं उदाहरण बाहेरच्या जगात आहे. 1993 साली अमेरिकेत ‘द एक्स-फाइल्स’ ही मालिका सुरू झाली. दोन तपास अधिकारी, एक पुरुष आणि एक बाई. त्याचा अघटितावर विश्वास, तिचा नाही, आणि दोघंही ते एकमेकांना तोंडावर सांगतात. प्रेक्षकांत वर्षानुवर्षं दोन तट: एक म्हणे यांचं जमवा, दुसरा म्हणे जमलं की मजा जाईल. माझा कल दुसऱ्या तटाकडं आहे. एकमेकांशी खरं बोलणं हेच त्या दोघांचं प्रेम होतं; वेगळी कबुली कशाला हवी?

आपल्याकडं तिसऱ्या पर्वात शेवंतेची भूमिका करणारी नटी बदलली, तेव्हाही चर्चा झडली. नव्या मुलीचा काय दोष? लोकांनी शेवंता म्हणून जी मनात ठेवली होती ती कथेतली कमी आणि अपूर्वा नेमळेकरांच्या थांबण्यातली जास्त. उत्तर देण्याआधी त्या क्षणभर थांबायच्या. खोटं बोलणारं पात्र असं थांबत नाही, त्याचं उत्तर तयार असतं. जुने भाग पुन्हा बघाल तेव्हा एवढंच बघा: कोण थांबतं आणि कोण नाही.

आणि माई? त्यांच्यावरून आमच्या गल्लीत अजून एकमत नाही. त्या खोटं बोलत नाहीत, पण गप्प बसतात. एक बाजू म्हणते, संसार सांभाळणाऱ्या बाईला दुसरा मार्ग नव्हता. दुसरी म्हणते, घरात जे घडलं त्यात या गप्प बसण्याचा वाटा आहे. मी दुसऱ्या बाजूला झुकतो, आणि त्यावरून घरातच बोलणी खातो. तुम्ही कुठल्या बाजूला, ते शकुंतला नरेंचे स्वयंपाकघरातले प्रसंग बघून ठरवा.