जन्मजात गुन्हेगाराची गोष्ट
(हिंगोली येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेले भाषण)



थोडक्या भांडवलावर निघणाऱ्या सूडपटाचा साचा ठरलेला असतो. एक कैदी तुरुंग फोडून बाहेर येतो, ज्यांनी त्याला गजाआड घातले त्यांना एकेक करून गाठतो आणि अडीच तासांत सारा हिशेब पुरा होतो. असा चित्रपट पाहून शिट्ट्या वाजवणाऱ्या प्रेक्षकाला अडाणी म्हणणे सोपे आहे. पण ज्याच्या बांधाचा दावा बापाच्या हयातीत सुरू होऊन मुलाच्या हयातीतही निकालात निघत नाही, त्याला अडीच तासांत लागणारा निकाल गोड वाटला तर नवल कसले?

दोष प्रेक्षकात नाही. तो या कथेच्या एका गृहीतकात आहे. 'शोले' (१९७५) मधला गब्बर शिक्षा झाल्यावर तुरुंगातून पळतो आणि ज्याने त्याला पकडले त्या ठाकूरच्या कुटुंबाची कत्तल करतो. तो दरोडेखोर का झाला, हे कोणी विचारत नाही. तो तसाच जन्मला, एवढे उत्तर पुरेसे मानले जाते. पुढे कमी खर्चाच्या कितीतरी चित्रपटांनी हाच खलनायक उसना घेतला. हा जन्मजात गुन्हेगार मात्र चित्रपटसृष्टीने निर्माण केलेला नाही. त्याची एक जुनी वाट थेट हिंगोलीच्या छावणीतून जाते.

निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी फिलिप मेडोज टेलर याने १८३९ साली 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिचा नायक अमीर अली हा माफीचा साक्षीदार झालेला कैदी. एका साहेबापुढे तो आपल्या खुनांची कहाणी सांगतो आणि ज्या गणेशाने आपल्या आईचा जीव घेतला त्याला पकडून देऊन सूडही उगवतो. इंग्लंडात हे पुस्तक कमालीचे खपले. कैदी, सूड, अंगावर काटा आणणारे तपशील, अशी आजच्या सूडपटाची बहुतेक सामग्री त्यात आहे.

याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत टेलरने १८२९ च्या सुमारासची हिंगोलीची हकीकत दिली आहे. छावणीच्या बाजारात हरीसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी होता. मुंबईहून कापड आणण्यासाठी त्याने कॅप्टन रेनॉल्ड्स या अधिकाऱ्याकडून परवाना घेतला, वाटेत त्या कापडाच्या खऱ्या मालकाचा, त्याच्या नोकरांचा आणि हाकाऱ्यांचा खून केला आणि त्याच परवान्यावर माल हिंगोलीत आणून उघडपणे विकला. त्याच्या टोळीने मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसे मारली. साहेब लोक त्याच्याशी व्यवहार करीत होते. टेलरही त्यांतलाच एक होता.

या हकीकतीतून कोणता बोध निघायला हवा होता? गुन्हा प्रतिष्ठेच्या आड राहतो, सरकारी शिक्क्याच्या आधाराने चालतो आणि भर बाजारात पचतो, हा. राज्यकर्त्यांनी काढलेला बोध नेमका उलटा होता. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीचा सभासद असणे एवढ्यावरच जन्मठेप देता येऊ लागली. अमुक खून केला, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. त्याच विचाराचे पुढचे टोक म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा. व्यक्तीच्या कृत्याऐवजी जमातीतला जन्म हाच पुरावा ठरला.

या कायद्यामागे अर्थकारणही होते. बैलांच्या तांड्यांवरून मीठ आणि धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांचा धंदा रेल्वेने बुडवला. जंगल कायद्यांनी पारध्यांची शिकार गुन्ह्यात जमा केली. ज्यांची उपजीविका राज्यव्यवस्थेनेच काढून घेतली, त्यांच्या भटकण्याला मग गुन्हेगारी हे नाव मिळाले. सोलापुरात अशा जमातींना तारेच्या कुंपणाआड ठेवले गेले आणि तिथून गिरण्यांना कामगार पुरवले गेले. गुन्हेगार ठरवलेल्या माणसाला मजुरीचा भाव मागता येत नाही, हे भांडवलाच्या सोयीचेच होते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण कायद्याचा ग्रह मागे राहिला. सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्यात तो १९५९ साली झाला. पश्चिम बंगालच्या तुरुंग संहितेत तर कैद्याला रात्रपहाऱ्यावर नेमताना तो भटक्या जमातींसारख्या, पळून जाण्याची प्रबळ नैसर्गिक प्रवृत्ती असलेल्या वर्गातला नसावा, असा नियम होता. म्हणजे पळून जाणारा कैदी केवळ पडद्यावर नव्हता. तो सरकारी नियमपुस्तकात कोरलेला होता. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदाचे असे नियम घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी!

टेलरच्या पुस्तकाला खरे उत्तर मराठीनेच दिले. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले आणि लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली. 'उचल्या'ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. टेलरच्या कादंबरीत कैदी साहेबापुढे कबुलीजबाब देतो. इथे ज्यांच्यावर शिक्का मारला तेच समाजाकडे जाब मागतात. सूडकथेत एक खलनायक मेला की गोष्ट संपते. या पुस्तकांत मारण्याजोगा एक खलनायक सापडत नाही, कारण अन्याय एका माणसाचा नसून रचनेचा आहे.

सूडपटावर बंदी मागणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम नव्हे. गावात चोरी झाली आणि पुरावा नसताना पहिली झडती पारध्यांच्या पालावर पडली, तर ठाण्यात जाऊन कशाच्या आधारावर म्हणून विचारणे, हे त्याचे काम. पालावरच्या मुलाला जातीचा दाखला आणि शाळा, बाईला रेशनकार्ड, कुटुंबाला घरापुरती जागा मिळेपर्यंत तहसीलीचा पिच्छा न सोडणे, हेही त्याचेच काम. आणि झडतीची वेळ आलीच, तर परवाना बाळगणाऱ्या हरीसिंगांचीही दुकाने उघडा, असे म्हणण्याचे धैर्य त्याच्यापाशी हवे.